आईचा बसलेला फोटो

आमच्या घरात भिंतीचा एक नियम होता. ज्यांनी समाजासाठी आयुष्य वेचलं, त्यांचीच तसबीर भिंतीवर लागेल. विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत अशा तीन तसबिरी होत्या. घरातल्या माणसांचे फोटो अल्बममध्ये, अल्बम कपाटात, आणि कपाटाचं दार आपोआप उघडायचं म्हणून त्याला टेकवलेलं शिलाई मशीन. म्हणजे आपलाच लहानपणचा चेहरा पाहायचा तर आधी मशीन सरकवायचं.

नियम पप्पांचा होता. पप्पा सरकारी कचेरीत कारकून होते आणि कचेरी सुटली की पत्रकं लिहायचे. पाणीपट्टीवर, फीवाढीवर, दवाखान्यांच्या खासगीकरणावर, अंगारे-धुपाऱ्यांवर. पत्रकाखाली त्यांनी स्वतःचं नाव कधी घातलं नाही. मुद्दा वाचला जावा, माणूस नाही, असं त्यांचं म्हणणं. मी अक्षरओळख करून घेतली ती या पत्रकांवर. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं, आमच्या घरात ‘जाहीर निषेध’ होता. त्यातला ‘ष’ मला कमळातल्या ‘ळ’च्या आधी लिहिता यायला लागला, याचं शाळेतल्या बाईंना आश्चर्य वाटलं होतं, आणि फार आनंद झाला नव्हता.

छापखान्यातून गठ्ठा आला की संध्याकाळी आमची ओळ बसायची. पप्पा कागद सुटे करायचे. आई घडी घालायची आणि वाटीच्या बुडाने ती दाबायची. मी रबर लावायचे. आई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. पुष्कळदा ती ड्यूटीवरून येऊन युनिफॉर्म न बदलताच घड्या घालायला बसायची, कारण एकदा कपडे बदलले की पडावंसं वाटतं, असं ती म्हणायची. पत्रकात काय लिहिलंय ते ती घडी घालता घालता वाचायची. कधी एखाद्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे फार झालं’ म्हणायची. पप्पा ऐकून घ्यायचे. गठ्ठा छापून आलेला असायचा, त्यामुळे ऐकून घेणं सोपं होतं.

अशा घरातून मी आयटीत गेले. ज्या धोरणांविरुद्ध पप्पांनी माझं सगळं लहानपण लिहिण्यात घालवलं, त्याच धोरणांनी मला खराडीत काचेच्या इमारतीत खुर्ची दिली. ऑफर लेटर पप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि ‘भाषा मोघम आहे’ एवढंच म्हणाले. मी त्यांच्याशी भांडण्याच्या तयारीत होते. त्यांनी ती संधी दिली नाही. पुढे कंपनीच्या बसमधून जाताना मी सहकाऱ्यांशी कामाच्या तासांवरून वाद घालायला लागले, तेव्हा मला कळलं की मी घरातून निघताना सोबत काय घेऊन निघाले होते.

तिथे नोकरीला लागल्यावर मी स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे कॅमेरा. मोबाईलमध्ये बऱ्यापैकी कॅमेरा येण्याआधीची ती वर्षं होती. आमच्या टीममधला एक जण अमेरिकेतलं काम संपवून परतणार होता, त्याच्याकडून मी तो मागवला. ब्रिज कॅमेरा. खिशात मावणारा साधा कॅमेरा एका काठावर, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा दुसऱ्या काठावर, आणि हा मधला. दिसायला मोठ्यासारखा, हातात धरायला छान पकड, पण लेन्स कायमची जोडलेली. ती एकच लेन्स जवळचं फूलही टिपायची आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरचं जिरंही दाखवायची. त्याला चार पेन्सिल सेल लागायचे आणि ते तो अधाशासारखा खायचा. लेन्सचं झाकण दोरीने लोंबत राहायचं आणि वाऱ्याने फोटोत यायचं.

बाकीचे लोक कॅमेरा घेतात आणि फोटो काढायला लागतात. मी पत्रकांवर वाढलेली. मी आधी माहितीपुस्तिका वाचून काढली. पेन्सिलने खुणा केल्या. लेन्सचं छिद्र किती उघडायचं, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, उजेड कमी असेल तर संवेदनशीलता किती वाढवायची आणि वाढवली की चित्रात वाळूसारखे दाणे का येतात, हे सगळं मला एकही बरा फोटो काढता येण्याआधी पाठ होतं. पप्पांना मी ते समजावून सांगितलं. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन सगळीकडून पाहिला आणि विचारलं, ‘‘म्हणजे हा दोन्हींपैकी कोणताच नाही?’’

‘‘दोन्हींचं थोडं थोडं आहे.’’

‘‘मग तो आघाडी सरकार आहे,’’ ते म्हणाले आणि परत दिला.

ऑफिसात फोटोग्राफीचा एक ग्रुप होता. रविवारी सकाळी सगळे मिळून कुठेतरी जायचे. बहुतेकांकडे मोठे कॅमेरे, पाठीवर पिशव्या, पिशव्यांत लेन्सा. माझा कॅमेरा पाहून एक जण म्हणाला, ‘‘छान आहे. सुरुवातीला असाच बरा.’’ पुण्यात ‘छान आहे’ या शब्दांत किती प्रकारे अपमान करता येतो ते मला ठाऊक होतं, त्यामुळे मी तो मोजला नाही.

पहिल्यांदा आम्ही मंडईत गेलो. तिथे मी जे पाहिलं त्याने माझं डोकं फिरलं. ही सगळी शिकलेली मुलं खांबाआडून, गाड्यांआडून भाजीवाल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढत होती. विचारणं नाही, बोलणं नाही. एकाने दुसऱ्याला स्क्रीन दाखवली आणि म्हणाला, काय सुरकुत्या आल्यात बघ. मी तिथेच, भोपळ्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून त्याला सुनावलं. बाईच्या चेहऱ्यावरचं वय म्हणजे तुझ्यासाठी मांडलेलं नक्षीकाम नाही. तुझ्या आजीचा असा फोटो कुणी न विचारता नेला तर चालेल का. तो म्हणाला, अगं, विचारलं की लोक पोज देतात, नॅचरल राहत नाही. मी म्हणाले, मग नॅचरल होईपर्यंत थांब. हे मी आजही मागे घेत नाही. पण त्याच दिवशी विचारण्याचा दुसरा अर्धा भाग माझ्या लक्षात यायला हवा होता, तो आला नाही.

कारण लगेच मी एका मेथीवाल्या मावशींसमोर जाऊन बसले आणि विचारलं, ‘‘मावशी, तुमचा फोटो काढू का?’’

‘‘काढ की. आधी जुडी घे, बोहनी व्हायचीय.’’

मी जुडी घेतली. मावशींनी हात पुसले, पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि माझ्याकडे पाहून बसल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावून थांबले. त्याही थांबल्या.

‘‘काढलास का?’’

‘‘तुम्ही आपलं काम करा ना, मग काढते.’’

‘‘अगं, फोटो काढायचा म्हणून तर काम ठेवलं खाली.’’

पण मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात ठाम होतं: श्रम करणारा माणूस श्रम करतानाच दिसला पाहिजे. ताठ बसून कॅमेऱ्याकडे बघणं म्हणजे स्टुडिओतला मध्यमवर्गीय खोटेपणा. शेवटी गिऱ्हाईक आलं, मावशी जुड्या निवडायला लागल्या, आणि मी फोटो काढला. मातीचे हात, हिरवी पानं, वरच्या झरोक्यातून आलेला उजेड. फार सुरेख आला. मी त्यांना कॅमेऱ्यामागची स्क्रीन दाखवली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘तोंड खाली आहे की माझं.’’ आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले.

ग्रुपमध्ये त्या फोटोचं कौतुक झालं. ‘सुरुवातीला बरा’ म्हणणाऱ्यानेही केलं. मी खूश होते. विचारूनही काढला आणि नॅचरलही काढला, असं मला वाटत होतं.

त्याच सुमारास आम्हाला नव्या फ्लॅटचा ताबा मिळायचा होता. विश्रांतवाडीतच, आळंदी रस्त्यापासून थोडा आत. कर्ज माझ्या पगारावर, पण निवड आईची. सामान आवरताना शिलाई मशीन सरकवलं गेलं, कपाट उघडलं आणि आई अल्बम घेऊन बसली. बराच वेळ पानं उलटत होती. मग मला म्हणाली, ‘‘तुझ्या कॅमेऱ्याने आमच्या दोघांचा एक फोटो काढ. नव्या हॉलमध्ये लावायचाय.’’

मी अल्बम हातात घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्यात आई-पप्पांचा एकत्र एकही फोटो नव्हता. मोर्च्याच्या फोटोत पप्पा फलकाचं दुसरं टोक धरून चौकटीबाहेर होते. सभेच्या फोटोत माईकची वायर ओढत पाठमोरे. माझ्या वाढदिवसाच्या फोटोत नव्हतेच, कारण फोटो ते काढत होते. आणि लग्नात फोटोग्राफर बोलावलाच नव्हता. त्या खर्चात पप्पांनी पत्रक छापलं होतं, साध्या विवाहाच्या बाजूने. ते पत्रक मात्र अल्बममध्ये नीट चिकटवून ठेवलेलं होतं. आई त्या फोटोंमध्ये होती, पण सगळीकडे पांढऱ्यात. दवाखान्याच्या कार्यक्रमात पांढरा युनिफॉर्म, विहारात पांढरी साडी.

पप्पांना सांगितलं तर ते आधी हसले. माझा फोटो आहे की ओळखपत्रावर, म्हणाले. आईने पुन्हा सांगितलं, तेव्हा ते गंभीर झाले. भिंतीवर लागायला आपण काय केलंय, असं त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. आई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती, ती गुंडाळत राहिली. फक्त एका कुकरला तिने चार कागद जास्त लावले.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत कॅमेरा पुसत होते. आई शेजारी येऊन उभी राहिली. खाली पप्पा कोपऱ्यावरच्या दुकानासमोर कुणाशी तरी बोलत होते.

‘‘तुझा हा लांबचं ओढतो ना?’’

‘‘ओढतो.’’

‘‘मग मी आता दूध आणायला खाली जाते. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहते. तू इथून ओढ.’’

मी नकार दिला. न विचारता फोटो काढणं म्हणजे माणसाची चोरी आहे, हे मी मंडईत ओरडून सांगितलं होतं, ते घरी कसं मोडणार.

‘‘अगं, नवरा माझा आहे,’’ आई म्हणाली.

‘‘चेहरा त्यांचा आहे.’’

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नक्की कुणाची मुलगी आहे याबद्दल तिच्या मनात आता काही शंका राहिली नव्हती. मग ती दुधाची पिशवी घेऊन गेली. मी वरून पाहत होते. ती पप्पांच्या शेजारी गेली, थांबली, वर माझ्याकडे पाहिलं आणि दूध आणायला निघून गेली.

मला वाईट वाटलं आणि मी तोडगा काढला. मला तो फार हुशारीचा वाटला. पप्पांचा आक्षेप फोटोला नव्हता, मिरवण्याला होता. मग मिरवणं काढून टाकलं तर? दवाखान्यातल्या कंत्राटी कामगारांसाठी त्यांचं एक पत्रक छापून आलं होतं. मी त्यांना विचारलं, तुम्ही दोघं घड्या घालताना मी फोटो काढला तर चालेल का. पप्पांनी विचार केला. कामाचा फोटो असेल तर हरकत नाही, म्हणाले.

संध्याकाळी ओळ बसली. आई ड्यूटीवरून आलेली, तशीच युनिफॉर्ममध्ये. दारातून तिरपा उजेड येत होता. मी जमिनीवर पालथी झोपून फोटो काढले. माझ्या कॅमेऱ्याची एक खोड होती. बटण दाबलं की डोळ्याला लावलेल्या चौकटीत क्षणभर अंधार व्हायचा, आणि काय टिपलं गेलं ते नंतरच कळायचं. त्यातला एक फोटो मी आजपर्यंत काढलेल्या फोटोंमध्ये सगळ्यात चांगला आहे. पप्पांचा हात कागद पुढे सरकवतोय, आईच्या हातातली वाटी घडीवर दाबलेली, दोघांची डोकी जवळजवळ, आणि मध्ये पत्रकांचा पांढरट ढीग. समता म्हणजे काय ते कुणाला दाखवायचं असेल तर मी तो फोटो दाखवेन.

मी मोठी प्रिंट करून आणली. जेवणं झाल्यावर दोघांच्या पुढे ठेवली. पप्पांनी चष्मा लावला आणि पाहत राहिले. त्यांना आवडला, हे कळत होतं. आईने हात पुसून प्रिंट उचलली, उजेडाकडे धरली.

‘‘छान आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या पुढच्या पत्रकावर छापा.’’

मी विचारलं, काय चुकलं. उजेड, चौकट, भाव, सगळंच तर आलंय. मी म्हणाले की यात कष्टाची प्रतिष्ठा दिसते. हा शब्द मी वापरला आणि आईने प्रिंट खाली ठेवली.

‘‘मला कष्ट करताना सगळ्यांनी पाहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘वॉर्डात पाहिलंय, मोर्च्यात पाहिलंय, इथे रोज बघताय. तू जन्मायच्या आदल्या दिवशीसुद्धा मी घड्याच घालत होते. मला एकदा नुसती बसलेली काढ. खुर्चीवर. रंगीत साडी नेसून. हात मांडीवर ठेवून. आणि यांनी माझ्या शेजारी बसायचं, काही न करता.’’

पप्पा म्हणाले, ‘‘अगं, पण भिंतीवर...’’

‘‘भिंतीवर काय? आपण काय केलंय, हेच ना? तुम्ही काय केलंय ते तुमचं तुम्ही ठरवा. मी काय केलंय ते मला माहीत आहे. आणि नाही केलं असं समजा. तरी भिंत माझीपण आहे.’’

आवाज चढला नव्हता. पेशंटच्या नातेवाइकांना ती जसं सांगायची, की भेटायची वेळ संपली, तसं तिने सांगितलं आणि ताटं उचलून आत गेली. पप्पा प्रिंटकडे बघत बसले. मीही बघत होते. फोटो तितकाच चांगला होता. फक्त आता मला त्यात दिसत होतं की आईचं तोंड खाली आहे.

मेथीवाल्या मावशी मला तेव्हा आठवल्या. ज्यांचा सगळा दिवस वाकून जातो, त्यांना पाठ ताठ करून एकदा समोर बघायचं असतं. त्याला मी खोटेपणा म्हटलं होतं. हा विचार मला कुठल्याही पत्रकात सापडला नव्हता, आणि तो आमच्या पत्रकांविरुद्ध जातो असंही मला वाटलं नाही. सन्मान हा शब्द आम्ही किती वेळा छापला होता. आई तोच मागत होती, फक्त चौकटीत बसवून.

त्या आठवड्यात पप्पांनी विषय काढला नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र मी कॅमेऱ्याचे सेल चार्जिंगला लावत होते, तेव्हा ते माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘नव्या हॉलमध्ये उजेड कधी चांगला असतो?’’

मी म्हणाले, चारच्या सुमारास, खिडकीतून.

‘‘बरं,’’ ते म्हणाले आणि शर्टाला इस्त्री करायला गेले.

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला होता, पण आत तेव्हा काहीच नव्हतं. म्हणजे पत्रकांचे जुने गठ्ठे होते, कारण घर बदलताना सगळ्यात आधी हललं ते पप्पांचं हेच सामान. रविवारी दुपारी आम्ही दोन लाकडी खुर्च्या रिक्षात घालून नेल्या. आई सकाळच्या ड्यूटीवरून थेट तिथेच आली. रिकाम्या बेडरूममध्ये जाऊन तिने साडी बदलली आणि बाहेर आली. डाळिंबी रंगाची, बारीक काठाची. ही साडी घरात आहे हे मला माहीतच नव्हतं. पप्पांना माहीत असावं. त्यांनी खुर्ची उगाचच पुसली.

दोघं बसले. मी समोरच्या भिंतीला पाठ लावली. लांबचं ओढणारी माझी एवढी मोठी लेन्स, पण त्या दिवशी तिला काही ओढायचं नव्हतं. हात हलू नये म्हणून मी पत्रकांचे गठ्ठे एकावर एक रचले आणि त्यावर कॅमेरा ठेवला. पहिला फोटो काढला आणि पाहिला तर दोघांचे चेहरे हिरवट. बिल्डरने हॉलला फिकट पिस्ता रंग दिला होता आणि उजेड त्यावर आपटून येत होता. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं.

त्यावर उपाय माहितीपुस्तिकेत होता आणि मला पाठ होता. कॅमेऱ्याला आधी एखादी पांढरी वस्तू दाखवायची आणि सांगायचं, की या उजेडात पांढरं म्हणजे हे. बाकीचे रंग मग तो आपोआप जुळवतो. पांढरं म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे आमच्याकडे पत्रक. मी गठ्ठ्यातलं एक पत्रक काढलं, उलटं केलं आणि त्याची कोरी बाजू कॅमेऱ्याला दाखवली. मग फोटो काढला.

दोघं निळे आले. पप्पा तर पार शाईत बुडवल्यासारखे. मी सेटिंग पुन्हा तपासलं, पुन्हा पत्रक दाखवलं, पुन्हा निळे. पप्पा उठून पाहायला आले.

‘‘हा मी आहे?’’

आईने खुर्चीवरूनच मान वाकडी करून स्क्रीन पाहिली. ‘‘वॉर्डात या रंगाचा माणूस दिसला की आम्ही डॉक्टरांना हाक मारतो,’’ ती म्हणाली.

मग तिने माझ्या हातातलं पत्रक घेतलं आणि मला दाखवलं. स्वस्तातला कागद, त्यात कितीतरी वर्षं पडून राहिलेला. चांगला पिवळा झाला होता. मी आणि पप्पा त्याला पांढरा म्हणत आलो होतो, कारण आमच्या घरात कागदाचा तोच रंग होता. कॅमेऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवून पिवळ्याला पांढरं धरलं होतं आणि बाकी सगळं निळ्याकडे ढकललं होतं. पप्पांनी पत्रक सुलटं करून वाचलं आणि म्हणाले, ‘‘मजकूर अजून लागू आहे.’’ आई म्हणाली, मजकुराबद्दल कुणी काही बोललंय का.

ती उठली, आपल्या पिशवीतून युनिफॉर्म काढला आणि मला दिला. सकाळपासून अंगावर होता तरी कडक, निळीतून काढलेला, उन्हात वाळवलेला. ‘‘हे दाखव त्याला. याच्याहून पांढरं आपल्या घरात काही नाही.’’

मी तो युनिफॉर्म दोन्ही हातांनी तिच्या खुर्चीसमोर धरला, पप्पांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं, आणि पुढचा फोटो बरोबर आला. पिस्ता भिंत पिस्ता, पप्पांचा शर्ट आकाशी, आईचा चेहरा आईच्या रंगाचा. आणि साडी डाळिंबी. युनिफॉर्म घडी करून मी बाजूला, चौकटीबाहेर ठेवला.

मग मी बरेच फोटो काढले. पप्पा सुरुवातीला ओळखपत्रासाठी बसावं तसे बसले होते. हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. कागद नसलेले त्यांचे हात मीही फारसे पाहिले नव्हते. आईने त्यांना सांगितलं, मांडीवर ठेवा, कुणी नेत नाही. त्यावर ते तिच्याकडे वळून हसले आणि तेवढ्यात माझ्याकडून बटण दाबलं गेलं. चौकटीत क्षणभर अंधार झाला, उघडला, आणि मला वाटलं, हाच.

तो फोटो खरंच गोड होता. ग्रुपमध्ये दाखवला असता तर सगळ्यांनी तोच निवडला असता. मी आईला सगळे दाखवले आणि त्यावर थांबले. तिने तो पाहिला, तीही हसली, आणि पुढे जा म्हणाली. शेवटी तिने जो निवडला त्यात दोघं ताठ बसलेले आहेत. हात मांडीवर, नजर सरळ, कुणीही हसत नाही. तोंड वर.

‘‘हा,’’ ती म्हणाली. ‘‘यात आम्ही बसलोय.’’

मी वाद घातला नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

फ्रेम करून आणली त्या दिवशी सामान लागलं होतं. तीन तसबिरी पप्पांनी आधीच लावल्या होत्या, ओळंबा धरल्यासारख्या सरळ. आता ते हातोडी आणि खिळा घेऊन स्टुलावर चढले. मी फ्रेम धरून खाली उभी. आई स्वयंपाकघराच्या दारात. पप्पांनी तसबिरींच्या खालच्या कडेला अंगठा टेकवला, करंगळीपर्यंत हात ताणला आणि जिथे करंगळी पोचली तिथे पेन्सिलने खूण केली. एक वीत खाली.

माझं डोकं तापायला लागलं. इतकं सगळं झाल्यावर पुन्हा हे. मी विचारलं, खाली का. पप्पा स्टुलावरूनच म्हणाले, ‘‘त्यांनी जास्त केलंय.’’

मी तोंड उघडलं होतं. पण आई पुढे आली, तिने मान मागे करून भिंतीकडे पाहिलं. वरच्या तसबिरी, खालची पेन्सिलची खूण, मधलं अंतर. नीट पाहिलं.

‘‘एका वितीचंच जास्त ना?’’ ती म्हणाली. ‘‘चालेल. ठोका.’’